ट्रकची मालकीण

आमच्या ऑफिसात फायली बंद होतात, किस्से बंद होत नाहीत. गाडी बोटीवर चढली, पलीकडे उतरली, तिला तिकडची नंबर प्लेट लागली की अमोल फायलीवर ‘डन’ लिहितो आणि ती कपाटात टाकतो. किस्सा मात्र टेबलावरच राहतो. चहाच्या वेळी कोणीतरी तो उचलतं, त्याला जरा तेलपाणी करतं आणि परत जागेवर ठेवतं. सात वर्षांत इतके साठलेत की आता कोणी भेटायला आलं की तासभर तरी उठत नाही!

ऑफिस म्हणजे अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्को गावी, एका स्ट्रिप मॉलमधल्या दोन खोल्या. डावीकडे दातांचा डॉक्टर, उजवीकडे इंडियन ग्रोसरी, त्यामुळे आमच्या सगळ्या फायलींना कढीपत्त्याचा वास येतो. काम एकच. इथले मोठे पिकअप ट्रक युरोपात पाठवायचे आणि त्यांचे कागद जुळवायचे. ऑफिस अमोलचं. तो नागपूरचा. आयटीतल्या लेऑफनंतर वैतागून त्याने हे सुरू केलं, आणि आता त्याला सुट्टी मिळत नाही म्हणून तो वैतागलेला असतो. कागद बघते मी, मंजिरी, मूळची सोलापूरची. तिकडे जर्मनीत गाड्या पास करून घेणारा आमचा माणूस योआखिम. त्याला मी एकदाही समोरासमोर भेटलेले नाही, पण त्याच्या बायकोचा कुठला गुडघा दुखतो ते मला माहीत आहे.

पिकअप म्हटल्यावर आपल्याकडचा भाजीचा टेम्पो डोळ्यांसमोर आणू नका. इथला ट्रक म्हणजे पुढे पाच माणसांची ऐसपैस बैठक, मागे उघडा हौदा, आणि बॉनेट माझ्या खांद्याला लागेल इतकं उंच. टेक्सासमध्ये लोक तो घेऊन दूध आणायला जातात. युरोपात तो उतरला की सगळ्या गावाला कळतं.

* * *

योआखिमने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, ‘तुमच्याकडे लोक विचारतात, ट्रक काय काय ओढेल? आमच्याकडे विचारतात, वळेल का?’

आम्हाला तो विनोद वाटला. मग इटलीतल्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. पठ्ठ्या बंदरावरून ट्रक घेऊन थेट आपल्या गावी गेला होता. घराच्या गल्लीत एका बाजूला चर्चची भिंत, दुसऱ्या बाजूला बेकरी. ट्रक आत गेला, पण दोन्हीकडचे दरवाजे उघडायला जागाच उरली नाही. मागे हळूहळू गाव जमलं. बेकरीवाल्याने खिडकीतून त्याला कॉफी दिली. शेवटी बिचारा मागची सरकती काच उघडून हौद्यात उतरला आणि तिथून घरी गेला.

अमोल घाबरला. म्हणाला, ‘मग ट्रक कसा काढला?’

‘तो आहे अजून आत. उद्या काढतील. मी फोन यासाठी केला, की याच रंगात लहान मिळेल का?’

* * *

वसंतकाका आमच्याकडे आले ते एका मंगळवारी, थर्मास घेऊन. कागदपत्रांच्या कामाला जाताना चहा घरून न्यावा असा त्यांचा नियम. वय चौऱ्याहत्तर, मूळचे नाशिकचे, उभा जन्म पुलांची डिझाइनं करण्यात गेलेला. फ्रिस्कोतल्या मराठी मंडळींत त्यांना ओळखत नाही असं घर नाही, कारण प्रत्येकाचा सोफा कधी ना कधी त्यांच्या पांढऱ्या ट्रकमधून गेलेला आहे. माझं लाकडी कपाटसुद्धा.

‘केतकीकडे चाललोय. कायमचा,’ काका म्हणाले. ‘ट्रक न्यायचाय.’

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. जर्मनीतल्या एका लहान गावात नवऱ्याबरोबर आणि मुलाबरोबर राहते. सुमनकाकू जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. काका चार बेडरूमच्या घरात एकटे, आणि केतकी रोज फोनवर एकच विचारायची, ‘बाबा, कधी येताय?’

अमोल गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण खरं सांगणारा माणूस. म्हणाला, ‘काका, माझं ऐका, इथेच विकून टाका. तिकडे एखादी छोटी गाडी घ्या. एवढी लांब, एवढी जड गाडी तिकडे पास करायची म्हणजे लय डोकेदुखी आहे हो.’

‘विकू कसा? माझा नाहीये तो.’

काकांनी मालकीचा कागद काढून टेबलावर ठेवला. इथे त्याला टायटल म्हणतात. त्यावर काकूंचं नाव होतं. घरात पहिली मोठी वस्तू घ्यायची ती घरच्या लक्ष्मीच्या नावावर, असं काकांच्या घरी चालत आलेलं. नवाकोरा ट्रक घेताना त्यांनी तेच केलं. काकू चार फूट अकरा इंच. ट्रकमध्ये चढायला त्यांना लाकडी स्टूल लागायचं. सह्या करताना शोरूमवाल्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा ट्रककडे बघितलं आणि विचारलं, ‘मॅम, यू ड्राइव्ह धिस?’

‘नो,’ काकू म्हणाल्या, ‘ही इज ड्रायव्हर. आय ॲम ओनर.’

‘तेव्हापासून मी ड्रायव्हर,’ काका आम्हाला म्हणाले. एखादी पदवी सांगावी तसं म्हणाले.

अमोलने समजावून सांगितलं. कायमचं राहायला जाणाऱ्या माणसाला घरच्या सामानाबरोबर गाडी नेता येते, पण ती स्वतःच्या नावावर हवी, आणि जायच्या आधी निदान सहा महिने हवी. म्हणजे आधी काउंटी ऑफिसात, म्हणजे आपल्या आरटीओसारख्या सरकारी कचेरीत, वारसाचा फॉर्म द्यायचा, त्यावर काकांची आणि केतकीची सही, मग काकूंचं नाव निघून काकांचं लागणार. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि ट्रक बोटीवर.

काकांनी फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि म्हणाले, ‘तिकडे मागचे इंडिकेटर लाल चालत नाहीत म्हणे?’

केतकीकडे पाठवलेला फॉर्म तिची सही होऊन आठवड्यात कुरिअरने परत आला. काकांची जागा रिकामीच राहिली. सही झाल्याशिवाय ट्रक हलणार नव्हता आणि ट्रकशिवाय काका हलणार नव्हते. आणि दर मंगळवारी काका थर्मास घेऊन येत, काहीतरी वेगळंच विचारत.

* * *

इंडिकेटरचं काकांना बरोबर कळलं होतं. इथल्या बऱ्याच ट्रकना मागे वळण्याचा दिवा लालच असतो. युरोपात तो नारिंगी लागतो. हे काम योआखिम तिकडे दोन दिवसांत करून घेतो. पण काकांनी स्वतः गराजमध्ये बसून, वायरी ओढून, नारिंगी दिवे बसवले आणि टेस्टिंगला बाहेर पडले.

दुसऱ्याच सिग्नलला पोलिसाने थांबवलं. पोरगा तिशीचा असेल. त्याला फक्त सांगायचं होतं, की काका, तुमच्या ट्रकचं मागचं फळकं उघडं आहे. पण काकांनी गृहीत धरलं, की हा दिव्यांचं विचारतोय. त्यांनी गाडीतून ड्रॉइंग काढलं. युरोपचा नियम काय, इथला काय, लाल रंग डोळ्याला कसा दिसतो, ब्रेक आणि वळण यात घोटाळा कसा होतो, सगळं पहिल्यापासून. पोलिसाने दोनदा सांगितलं, ‘सर, यू आर फ्री टू गो.’

‘वन मोर पॉइंट,’ काका म्हणाले.

शेवटी पोलीसच आपल्या गाडीत जाऊन बसला आणि निघून गेला. काका आम्हाला म्हणाले, ‘मुलगा चांगला होता, पण बेसिक कच्चं आहे त्याचं.’

मी विचारलं, ‘काका, फॉर्म?’

‘आहे ना, खिशात आहे.’

* * *

मग धुक्याचा दिवा. युरोपात गाडीला मागे एक जास्तीचा लाल दिवा लागतो, धुक्यात मागच्याला दिसावा म्हणून. काकांनी तो आणला, बसवला. पण धुकं कुठून आणायचं? आमच्याकडे जुलैत आकाशात ढगसुद्धा येत नाही!

काकांच्या देवघरात काकूंचं पितळी धुपाटणं होतं. काकांनी ते पेटवलं, वर मूठभर धूप टाकला, गराजचं दार अर्धं खाली ओढलं आणि दिवा लावून मागे उभे राहिले. धूर कमी वाटला म्हणून आणखी एक मूठ. मग आणखी एक. दहा मिनिटांत समोरच्या घरातल्या बाईने फायर ब्रिगेडला फोन केला.

बंब आला. चार धिप्पाड माणसं होज घेऊन धावली. धुरातून काका बाहेर आले, खोकत खोकत, हातात मेजरिंग टेप. कॅप्टनने विचारलं, ‘सर, आत आणखी कोणी आहे?’

‘ते नंतर. आधी सांगा, लाल दिवा तुम्हाला कुठून दिसला?’

कॅप्टन गोंधळून म्हणाला, ‘रस्त्यावरून.’

पुढच्या मंगळवारी काकांनी आम्हाला फायलीत लावायला एक कागद दिला. सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘धुक्याच्या दिव्याची चाचणी समाधानकारक. साक्षीदार : फायर ब्रिगेड.’ सहीसुद्धा केलेली होती. मी म्हटलं, काका, याच्यावर सही होते, तर मग त्या फॉर्मवर का होत नाही? काका हसले आणि थर्मास उघडला.

* * *

सप्टेंबरात योआखिमने बॉम्ब टाकला. व्हिडिओ कॉलवर काकाही होते. तो म्हणाला, ट्रकचं सगळं ठीक आहे, पण कागदावर त्याचं भरलेलं वजन साडेतीन टनांच्या वर दिसतंय. साध्या लायसन्सवर तो जर्मनीत चालवता येणार नाही. एक तर काकांनी लॉरीचं लायसन्स काढावं, मेडिकल आणि परीक्षेसकट. नाहीतर कागदावर ट्रकची क्षमता कमी करून घ्यावी.

आम्ही दोन महिने ट्रकचा स्क्रू न् स्क्रू तपासत होतो. ड्रायव्हरचं लायसन्स तपासायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझंच काम होतं ते, आणि मी चुकले होते.

काकांना मात्र काहीच विशेष वाटलं नाही. ‘पुलाचं असंच असतं,’ ते म्हणाले. ‘पूल तोच राहतो, पाटी बदलायची. करा कमी.’

अमोलने कॅल्क्युलेटर काढला. रिकाम्या ट्रकचंच वजन एवढं, की साडेतीन टनांत उरत होतं अगदी थोडं. ‘काका, म्हणजे बघा,’ तो म्हणाला, ‘तुम्ही, केतकी, जावईबापू अन् नातू बसले की झाला ट्रक फुल. वर दोन भाजीच्या पिशव्या चालतील. टरबूज असलं तर जावईबापूंनी चालत यायचं!’

ज्या ट्रकने अख्ख्या फ्रिस्कोचे सोफे वाहिले, त्याची ही गत. मला वाटलं, आता तरी काका म्हणतील, राहू दे. काकांनी कॅल्क्युलेटरवरचा आकडा दोनदा बघितला. मग उठून गेले.

पुढच्या मंगळवारी थर्मासमधला चहा त्यांनी मला दिला तर बिनसाखरेचा. काकांना दोन चमचे लागायचे. मी विचारलं, ‘काय काका, डॉक्टरांनी साखर बंद केली?’

‘डॉक्टरांनी नाही. योआखिमने.’

* * *

मार्चमध्ये एका मंगळवारी काका आले नाहीत. पहिल्यांदाच. अकरा वाजता फोन केला, उचलला नाही. बाराला केला, नाही. मी अमोलला सांगून निघाले.

काका ड्राइव्हवेमध्ये ट्रकमध्येच बसलेले होते. दार उघडं, इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आमच्याकडेच यायला म्हणून सकाळी चढले होते. चढल्यावर चक्कर आली. उतरावं म्हटलं तर पाय खाली पोचेल असा भरवसा वाटेना. फोन घरात राहिलेला. तीन तास तसेच बसून होते, आणि मला बघून म्हणाले, ‘चहा गार झाला असेल गं.’

सीटच्या मागे काकूंचं लाकडी स्टूल होतं. मी ते काढून खाली ठेवलं. काका त्यावर एक पाय ठेवून, माझ्या खांद्याला धरून उतरले. मग मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात कुठल्या काकांवर असा आवाज चढवला नव्हता. घाबरले होते, म्हणून ओरडले. म्हटलं, केतकी तिकडे रोज वाट बघतेय आणि तुम्ही इथे दिवे कसले बदलताय? एक सही करायला तुम्हाला आठ महिने लागतात?

काका स्टुलावर बसले. शर्टाच्या खिशातून फॉर्म काढला. घडीवर कागद फाटायला आला होता.

‘तिचं नाव जाईल गं त्यावरून,’ ते म्हणाले.

मी त्यांच्याशेजारी ड्राइव्हवेवर बसले. म्हटलं, ‘उद्या सकाळी नऊ वाजता मी न्यायला येते.’ काकांनी मान हलवली.

* * *

काउंटी ऑफिसात खिडकीमागे साठीच्या एक बाई होत्या. चष्मा साखळीने गळ्यात, केस पांढरेशुभ्र. त्यांनी फॉर्म उलगडला, घडीला चिकटपट्टी लावली आणि एकेक प्रश्न विचारायला लागल्या. नाव, पत्ता, तारीख. काका सगळी उत्तरं पटापट देत होते. मला बरं वाटायला लागलं.

‘मालकाशी तुमचं नातं?’

‘ड्रायव्हर,’ काका म्हणाले.

मी मध्ये बोलणार होते, पण बाईंनी हात वर केला. चष्म्यावरून काकांकडे नीट बघितलं. मग काकूंचं नाव बघितलं, जन्मतारीख बघितली, काकांच्या बोटातली अंगठी बघितली.

‘हनी, मी इथे हजबंड लिहिते,’ त्या म्हणाल्या. ‘सेम जॉब.’

काकांनी सही केली. बाईंनी स्वतःच्या समोरचा टिश्यूचा डबा खिडकीतून पुढे सरकवला. काकांना तो लागला नाही, मलाच लागला.

* * *

आता सहा महिने थांबायचं होतं, आणि काकांना रिकामं बसता येत नाही. केतकीने तिच्या गावातल्या पार्किंगचं माप पाठवलं. आमच्या ट्रकला ते बाळाचं झबलं होतं! प्रॅक्टिस करायला हवी, असं काकांनी ठरवलं, आणि देवळाच्या पार्किंगमध्ये एका शनिवारी सकाळी मापाचा चौकोन आखायचा असं ठरलं. खडू डांबरावर उमटेना. मी घरून रांगोळी नेली.

टेप लावून, काटकोन तपासून, आम्ही झकास पांढरा चौकोन काढला. हात शिवशिवत होता म्हणून मी कोपऱ्यांत चार गोपद्मं काढली. मग काका ट्रक आणायला घरी गेले आणि मी आत दर्शनाला.

अर्ध्या तासाने बाहेर येऊन बघते, तर पार्किंग गच्च भरलेलं, लोक गवतावर गाड्या लावताहेत आणि आमचा चौकोन मात्र रिकामा. कोणीही त्यात गाडी घालायला तयार नव्हतं. चपला काढून लोक कडेने जात होते. एका आजींनी मधोमध हळदकुंकू आणि दोन झेंडूची फुलं वाहिली होती.

तेवढ्यात काका ट्रक घेऊन आले आणि रिव्हर्स टाकला. आजी आडव्या आल्या. ‘अहो, काय करताय? पूजा झालीय तिथे!’

काकांनी खिडकीतून डोकं काढलं. ‘पूजा यजमानाचीच आहे, आजी. जरा बाजूला व्हा, त्याला बसू द्या.’

ट्रक बसला. नाक चौकोनाच्या चार फूट बाहेर होतं.

* * *

ट्रक जायच्या आदल्या दिवशी ऑफिससमोर छोटीशी पूजा केली. बोटीवर चढणाऱ्या गाडीत सुटी वस्तू एकही ठेवायची नसते, म्हणून काकांनी स्टूल काढून घेतलं होतं. त्यांच्या केबिन बॅगेत कपडे कमी आणि ते स्टूलच जास्त होतं. शेजारच्या ग्रोसरीतून नारळ आणला, लिंबं आणली, फुलं आणली. मी ताम्हन घेतलं आणि बॉनेटवर, जन्मभर घरच्या प्रत्येक गाडीवर काढलं तसं, कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. पांढऱ्या रंगावर काय सुरेख दिसत होतं! अमोलने फोटो काढला आणि कौतुकाने योआखिमला पाठवला. सोबत लिहिलं, ‘रेडी फॉर जर्मनी!’

फोटो गेल्यावर मी त्या स्वस्तिकाकडे बघितलं. अमोलने माझ्याकडे बघितलं. जर्मनीत हे चिन्ह हिटलरचं समजतात आणि त्याला बंदी आहे, हे दोघांना एकदमच आठवलं.

एरवी मिनिटात उत्तर देणारा योआखिम दहा मिनिटं गप्प होता. तोवर केतकीचा फोन आला. तिलाही काकांनी फोटो धाडला होता. ‘बाबा! पुसा ते! आधी पुसा! इथे बंदरावर पोलीस येतील!’

मग योआखिमचं उत्तर आलं. सात वर्षं आमच्याबरोबर काम करून तो आम्हाला चांगलाच ओळखतो.

‘फुलं फार सुंदर आहेत. कृपया गाडी धुऊन पाठवावी.’

तीनदा धुतली. तेलातलं कुंकू पांढऱ्या रंगावरून पूर्ण गेलं नाही, गुलाबी डाग राहिला. बंदरावरच्या माणसाने फॉर्मवर ‘बॉनेटवर किरकोळ खूण’ एवढंच लिहिलं. तेव्हापासून आमच्या चेकलिस्टमध्ये टायर, बॅटरी आणि पेट्रोलच्या खाली एक ओळ आहे : ‘फक्त श्री काढावे.’

* * *

काका केतकीकडे गेले. मंगळवारी चहाच्या वेळी अमोल दोनदा दाराकडे बघायचा. मीही बघायचे.

ट्रक पोचला, योआखिमने त्याचं वजन कागदावर कमी करून घेतलं, दिवे बघून त्याने विचारलं, ‘हे कोणी बसवले? मला असा माणूस हवाय.’ सगळं पास झालं. एके दिवशी सकाळी ऑफिस उघडतो तो माझ्या फोनवर काकांचा फोटो. जर्मनीतला गाडीचा नवा कागद, हिरवट रंगाचा. त्यावर काकांचं नाव. खाली बारीक छापलेली एक ओळ, आणि तिच्याखाली लाल पेनने, पट्टी लावून, दोन रेघा मारलेल्या.

‘सरकारी कागदावर रेघा कशाला मारल्या त्यांनी?’ अमोल म्हणाला. ‘काही रिजेक्ट तर नाही ना झालं?’

दोघांनाही जर्मन येत नाही. घाबरून मी काकांना स्पीकरवर फोन लावला. केतकीने उचलला.

‘काही नाही गं, ताई. नेहमीची ओळ आहे ती. इथे सगळ्यांच्याच कागदावर छापलेली असते. बाबांनी काल माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली.’

‘पण काय लिहिलंय?’

‘लिहिलंय, हा कागद ज्याच्या नावावर आहे, त्याला गाडीचा मालक समजू नये.’

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला.

‘लोक शहाणे आहेत हो इथले,’ काका म्हणाले. ‘न सांगता कळलं त्यांना.’